शेजारच्या शेतात वीज कंपनीचा सौर प्रकल्प उभा राहतोय: काय पाहावं, कुणाला विचारावं

प्रश्न मिनेसोटाच्या दक्षिण भागातल्या एका ग्रामीण काउंटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा आहे. घराभोवती त्यांची थोडी जमीन आहे, पलीकडे मका-सोयाबीनची शेतं. त्या शेतांवर राज्यातली एक वीज कंपनी १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प बांधते आहे. रस्ते आखून झालेत आणि पाइल, म्हणजे पॅनेलचे आधारखांब, ठोकायला सुरुवात झाली आहे. ते विचारतात: प्रकल्प खासगी विकसकाचा नसून वीज कंपनीच्याच मालकीचा आहे, त्यानं आम्हाला काय फरक पडतो? विहिरीचं पाणी, शेताचा निचरा, घराची किंमत, विजेचं बिल यांचं काय होणार? आणि तीस वर्षांनी हे सगळं कोण उचलून नेणार?

मी विद्युत अभियंता आहे. उमेदवारीची वर्षं महाराष्ट्रात उपकेंद्रांवर गेली. नंतर इकडे मिडवेस्टमध्ये मोठ्या सौर प्रकल्पांच्या उभारणीवर आणि चाचण्यांवर काम करत आलो.

निकडीचं आधी सांगतो. पॅनेल बसेपर्यंत थांबू नका. पॅनेल दिसू लागले की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, पण शेजाऱ्याच्या दृष्टीनं तोवर महत्त्वाचं बरंचसं काम उरकलेलं असतं. तुमचं बरंवाईट ज्यावर ठरतं ते जमिनीखाली आहे: पाइल, केबलचे चर, मातीचे थर, पाण्याचा निचरा. हे काम तुमच्याकडे आत्ता चालू आहे, म्हणून प्रश्न विचारायची वेळही आत्ताचीच.

सुरुवात निचऱ्यापासून करतो, कारण तुमच्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. दक्षिण मिनेसोटाची काळी, जड जमीन मुळात पाणथळ. ती पिकाखाली आली ती जमिनीखाली पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांमुळे. इथले शेतकरी त्यांना नुसतं ‘टाइल’ म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकतात, तत्त्व तेच. फरक एवढाच की इथे कित्येक नळ्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या, भाजलेल्या मातीच्या आहेत, आणि त्यांचा नकाशा असेलच असं नाही. १०० मेगावॉटला वीस-पंचवीस हजार पाइल लागतात. त्यातला एखादा मुख्य नळीतून आरपार गेला तर त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. पुढच्या वसंतात बर्फ वितळतं आणि वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबतं. ते शेत प्रकल्पाचं नसतं, शेजाऱ्याचं असतं.

म्हणून तुमच्या जमिनीतून निघालेली एखादी नळी प्रकल्पाच्या हद्दीतून पुढे जाते का, हे आधी शोधा. तुम्ही जमीन ज्यांच्याकडून घेतली त्या कुटुंबाला विचारा, काउंटीच्या ड्रेनेज विभागात सार्वजनिक नळ्यांच्या नोंदी असतात त्या बघा. मग प्रकल्पाच्या बांधकाम व्यवस्थापकाला लेखी कळवा: अमुक ठिकाणी आमची नळी आहे, पाइल ठोकण्याआधी ती शोधून खूण करा, आणि काम झाल्यावर कॅमेरा घालून ती अखंड असल्याचं दाखवा. ही मागणी अवाजवी नाही. चांगले कंत्राटदार हे आपणहून करतात. मिनेसोटात मोठ्या सौर प्रकल्पाला राज्याच्या कृषी खात्याच्या सल्ल्यानं शेतजमिनीचं नुकसान टाळण्याचा आराखडा करावा लागतो. त्यात नळ्यांची दुरुस्ती, वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवणं, जमीन ओली असताना अवजड यंत्रं न फिरवणं, हे सगळं लिहिलेलं असतं. तो आराखडा सार्वजनिक आहे. मागून घ्या आणि वाचा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी चिखलात खोल चाकोऱ्या पाडत यंत्रं फिरताना दिसली, तर तारखेसकट फोटो काढून ठेवा. जड माती एकदा दबली की ती मोकळी व्हायला वर्षं जातात.

आता पाइलबद्दल, कारण आवाजाचा त्रास तुम्हाला तिथूनच आहे. हे पाइल म्हणजे जस्ताचा थर दिलेले पोलादी खांब. हायड्रॉलिक हातोड्यानं ते दोन-तीन मीटर, कधी त्याहून खोल ठोकतात. पॅनेलचं वजन पेलण्यासाठी एवढी खोली लागत नाही. ती दोन कारणांनी लागते. एक म्हणजे वारा. ट्रॅकरवरचे, म्हणजे सूर्यामागे फिरवणाऱ्या यंत्रणेवरचे, पॅनेल दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत राहतात आणि वादळात शिडासारखे ओढ घेतात. दुसरं कारण महाराष्ट्रात कधी विचारातही घ्यावं लागत नाही, ते म्हणजे गोठणारी जमीन. मिनेसोटाच्या हिवाळ्यात जमीन मीटरभराहून खोल गोठते. गाळाच्या बारीक मातीत बर्फाचे पापुद्रे तयार होतात, माती फुगते, खांबाला घट्ट चिकटते आणि त्याला वर उचलते. दोन-तीन हिवाळ्यांत रांगेतला एक खांब चार बोटं वर आणि शेजारचा जागच्या जागी, असं झालं की त्यांवरचा, पॅनेल ज्यावर बसतात तो लांब नळ वाकतो आणि ट्रॅकर अडकतो. म्हणून आधी चाचणीचे पाइल ठोकून ते वर ओढून पाहतात, आडवे ढकलून पाहतात, आणि मग मातीच्या पट्ट्यांप्रमाणे खोली ठरवतात. तुमच्या भागात खोली जास्त लागते, म्हणून ठोकणंही जास्त वेळ चालतं. कामाचे तास परवान्यात ठरवून दिलेले असतात. ते तपासा. त्या वेळेबाहेर हातोडा चालला तर गप्प बसू नका. हा टप्पा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत संपतो. चालू प्रकल्पाचा आवाज इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याएवढाच, तोही मुख्यतः दिवसा. तुमच्या घराजवळ इन्व्हर्टरचा चौथरा येत असेल तर तो रांगेच्या आतल्या बाजूला सरकवायला आत्ताच सांगा. केबल पुरल्यावर कुणी सरकवणार नाही.

थंडीचा आणखी एक परिणाम माझ्या आवडीचा आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. थंडीत पॅनेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) वाढतो. अशा प्रकल्पात एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या एका माळेचा मिळून दाब १५०० व्होल्टच्या आत ठेवावा लागतो. एका पॅनेलचा दाब २५ अंशांना ५० व्होल्ट धरला, तर उणे ३५ अंशांच्या पहाटे तो ५८ व्होल्टच्या आसपास जातो, म्हणजे माळेत पंचवीसच पॅनेल बसतात. सोलापुरात हिवाळ्यातली पहाट फार तर पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, तिथे तेच पॅनेल अठ्ठावीस बसतील. पॅनेल तेच, कारखाना तोच, पण आराखडा वेगळा. दुसरीकडची रेखाचित्रं जशीच्या तशी उचलून आणणाऱ्यांचं इथे म्हणूनच जमत नाही.

मालकीचा प्रश्न तुम्ही पहिला विचारला, तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर लांब आहे.

अमेरिकेत बरीच वर्षं मोठे सौर प्रकल्प खासगी विकसक उभारायचे आणि वीज कंपनी दीर्घ मुदतीच्या करारानं त्यांची वीज विकत घ्यायची. त्याला कराच्या नियमांचं कारण होतं. गुंतवणुकीवर मिळणारी सौर करसवलत विकसक लगेच वापरू शकत असे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या नियमनाखालच्या वीज कंपनीला मात्र तिचा फायदा ग्राहकांना प्रकल्पाच्या आयुष्यभर थोडाथोडा वाटावा लागे. त्यामुळे कंपनीनं स्वतः बांधलेला प्रकल्प कागदावर महाग दिसायचा. २०२२च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’नं सौर प्रकल्पांना वीजनिर्मितीवर मिळणारी सवलत खुली केली: पहिली दहा वर्षं दर युनिटमागे साधारण तीन सेंट. तिला ती अट नाही. तेव्हापासून वीज कंपन्यांना स्वतःच्या मालकीचं गणित जमू लागलं. मग जुलै २०२५मध्ये नवा कायदा आला. ४ जुलै २०२६पर्यंत बांधकाम सुरू झालं नाही, तर प्रकल्प २०२७ संपण्याआधी चालू व्हायला हवा, नाहीतर सवलत नाही. अशी मुदत डोक्यावर असली की उभारणीत घाई होते, आणि घाईत पहिला बळी जातो तो मातीच्या शिस्तीचा. ओल्या जमिनीवर यंत्रं जातात, वरची आणि खालची माती एकत्र होते. तुम्ही डोळ्यात तेल घालून पाहायला हवं ते यासाठी.

वीज कंपनी मालक असली की प्रकल्पावर झालेला भांडवली खर्च तिच्या दराच्या हिशेबात धरला जातो आणि त्यावर तिला आयोगानं मंजूर केलेला परतावा मिळतो. म्हणजे खर्च वाढवण्यात तिला रस असू शकतो, हे उघड बोललं पाहिजे. म्हणूनच तो खर्च वाजवी होता का, हे आयोग तपासतो. पण याची दुसरी बाजू तुमच्यासाठी मोलाची आहे. खासगी प्रकल्पाची मालकी दहा वर्षांत तीनदा बदलू शकते, आणि तक्रार घेऊन गेलात तर समोर एक मर्यादित जबाबदारीची कंपनी आणि एक टपालपेटी उरते. वीज कंपनी कुठे जात नाही. तिचे खांब तुमच्या दारात आहेत, तिला दर काही वर्षांनी दरवाढीसाठी आयोगापुढे उभं राहावंच लागतं, आणि तिथे ग्राहकाचं पत्र फायलीला लागतं. शेजारी म्हणून मला निवडायला सांगितलं तर मी वीज कंपनीची मालकी निवडीन.

एक खाचखळगा मात्र आहे. ‘वीज कंपनीचा प्रकल्प’ असं फलकावर असलं तरी कित्येकदा बांधकाम विकसक करतो आणि प्रकल्प तयार झाल्यावर कंपनीला सुपूर्द करतो. तुमच्याकडे यातला कोणता प्रकार आहे, हे लेखी विचारा. सुपूर्द होण्याआधी फुटलेली नळी सुपूर्द झाल्यावर सापडली, तर जबाबदारी कुणाची, हाही प्रश्न त्याच पत्रात घाला. उत्तर सहसा ‘परवाना ज्याच्या नावावर त्याची’ असं असतं, पण ते कागदावर असलेलं बरं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी तुलना सोपी आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीनं १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३मध्ये उभारला, ते सरकारी वीज कंपनीच्या स्वतःच्या मालकीचं उदाहरण. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ जे छोटे प्रकल्प होताहेत, त्यांचा मालक मुख्यतः खासगी विकसक असतो आणि महावितरण पंचवीस वर्षांच्या करारानं वीज घेतं. तिथल्या गावकऱ्यांनीही ‘वीस वर्षांनी दार कुणाचं वाजवायचं’ हे आधीच विचारून घ्यावं.

वीज कंपनीच्या मालकीचं मोठं उदाहरण तुमच्याच राज्यात आहे. मिनियापोलिसच्या वायव्येला, शर्बर्न काउंटीत बेकर गावाजवळ मिसिसिपीच्या काठी एक्सेल एनर्जीचं ‘शेर्को’ हे कोळशाचं मोठं वीजकेंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच १९७६-७७चे. त्यातला दुसरा संच २०२३च्या अखेरीस बंद झाला. कंपनीच्या आराखड्यात पहिल्यासाठी २०२६ आणि तिसऱ्यासाठी २०३० ही वर्षं धरलेली आहेत. त्याच परिसरात कंपनी स्वतःच्या मालकीचा शेर्को सौर प्रकल्प टप्प्याटप्प्यानं उभारते आहे, एकूण ७१० मेगावॉट. पहिला टप्पा २०२४मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या ४६० मेगावॉटचा अंदाजित खर्च सुमारे ६९ कोटी डॉलर होता, म्हणजे मेगावॉटमागे दीड दशलक्ष डॉलर.

जागा तीच का? सूर्य तर सगळीकडे आहे. तिथे कोळशाच्या संचासाठी बांधलेल्या अतिउच्चदाब वाहिन्या आणि ग्रिडजोडणी तयार होती. नव्या प्रकल्पाला जोडणीची परवानगी मिळवण्यात वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. बंद होणाऱ्या संचाची जोडणी वापरली की ती रांग टळते. सौर प्रकल्पाची जागा पॅनेल नव्हे, वाहिनी ठरवते, हे तिथे स्वच्छ दिसतं. तुमच्या शेजाऱ्याचीच जमीन का निवडली, याचंही उत्तर बहुधा जवळच्या उपकेंद्रात सापडेल.

शेर्कोच्या मातीतही शिकण्यासारखं आहे. तो भाग हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. तिथे सिंचनावर बटाटा होतो, आणि मिनेसोटा विद्यापीठाचं वाळूच्या जमिनीवरचं संशोधन शेतही बेकरलाच आहे. वाळूत पाणी थांबत नाही, म्हणून तिथे निचऱ्याच्या नळ्यांची चिंता कमी आणि जमीन गोठून खांब उचलले जाण्याचीही कमी. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी उलट आहेत. तेव्हा ‘शेर्कोला काही त्रास झाला नाही’ असं कुणी सभेत सांगितलं, तर मातीचा फरक त्यांच्या नजरेस आणा.

बेकरचा दुसरा धडा पैशांचा. गावाच्या मालमत्ता कराचा फार मोठा हिस्सा कोळशाच्या केंद्रातून यायचा आणि शेकडो माणसांना तिथे कायमचं काम होतं. सौर प्रकल्पाच्या उभारणीत शेकडो हातांना काम मिळतं, पण चालू झाल्यावर तो सांभाळायला मोजकीच माणसं लागतात. ही तफावत खरी आहे आणि ती लपवू नये. करापोटी मिनेसोटात मोठ्या सौर प्रकल्पाला दर मेगावॉट-तासाला १.२० डॉलर उत्पादन कर भरावा लागतो. त्यातला ८० टक्के काउंटीला, २० टक्के गावाला किंवा टाउनशिपला (काउंटीतला लहान ग्रामीण प्रशासकीय विभाग). तुमचा १०० मेगावॉटचा प्रकल्प वर्षाला साधारण दोन लाख मेगावॉट-तास वीज देईल असं धरू. म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार डॉलर, त्यातले ४८ हजार टाउनशिपचे. छोट्या टाउनशिपच्या रस्त्यांसाठी ही रक्कम लहान नाही. ती कशावर खर्च होते, हे टाउनशिपच्या सभेत विचारा.

बिलाबद्दल थोडक्यात. या प्रकल्पामुळे तुमचं बिल उतरेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वीज ग्रिडमध्ये जाते, खर्च आणि फायदा कंपनीच्या सगळ्या ग्राहकांमध्ये वाटला जातो, आणि बिल वाढण्यात खांब-तारांच्या खर्चाचाही मोठा वाटा असतो. मिनेसोटानं २०४०पर्यंत शंभर टक्के कार्बनमुक्त विजेचा कायदा २०२३मध्ये केला आहे, त्यामुळे असे प्रकल्प येत राहणार.

घराच्या किमतीबद्दल लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचा २०२३चा अभ्यास सहा राज्यांतल्या घरविक्रीवर आधारलेला आहे. प्रकल्पापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या घरांची किंमत दूरच्या घरांच्या तुलनेत सरासरी दीड टक्का कमी आढळली. तीन राज्यांत परिणाम दिसला नाही, तीन राज्यांत दिसला, आणि त्यात मिनेसोटा आहे. म्हणून झाडांच्या पडद्याची मागणी आत्ताच करा. कुंपणाला लागून रोपं लावण्यापेक्षा तुमच्या खिडकीच्या बाजूनं लावलेली दोन रांगांची झाडी लवकर उपयोगी पडते. रोपं जगवण्याची जबाबदारी पाच वर्षं कंपनीची, असं लिहून घ्या.

विहिरीची काळजी समजते. सिलिकॉनचे पॅनेल काच आणि प्लास्टिकच्या थरांत बंद असतात, पावसानं धुऊन त्यातून काही विहिरीत उतरत नाही. महाराष्ट्रात धुळीमुळे पॅनेल वारंवार धुवावे लागतात आणि पाण्याचा प्रश्न तिथे खरा आहे. इथे पाऊस आणि बर्फ ते काम करतात. उलट मक्याला दरवर्षी पडणारं नत्र तीस वर्षं थांबलं, तर उथळ विहिरींतलं नायट्रेट कमीच व्हायला हवं. तरीही आत्ता एकदा पाण्याची तपासणी करून अहवाल ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. खरा धोका बांधकामातल्या गढूळ पाण्याचा आहे. उघडी जमीन आणि जोराचा पाऊस एकत्र आले की गाळ शेजारच्या ओढ्यात जातो. गाळ अडवणारी तळी आणि कापडी कुंपणं पॅनेलच्या आधी तयार दिसली पाहिजेत.

पहिली दोन-तीन वर्षं रांगांमध्ये तण माजलेलं दिसेल. बुटकं गवत आणि रानफुलांची देशी बियाणी मुळं धरायला तेवढा वेळ घेतात, म्हणून लगेच तक्रार करू नका. चौथ्या वर्षीही तणच असेल तर करा.

गारपिटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी विचारलं असतं. जून २०२३मध्ये नेब्रास्कात स्कॉट्सब्लफचा ५.२ मेगावॉटचा प्रकल्प गारांनी उद्ध्वस्त झाला. मार्च २०२४मध्ये टेक्सासच्या फोर्ट बेंड काउंटीत ३५० मेगावॉटच्या प्रकल्पाचं मोठं नुकसान झालं. वादळाआधी पॅनेल तीव्र कोनात उभे केले की गार तिरकी लागते आणि बहुतेक काच वाचते. ही आज्ञा कोण देतं, हवामानाचा इशारा कुठून येतो, वीज गेली तर ट्रॅकर कशावर वळतात, हे विचारा. आणि फुटलेले पॅनेल किती दिवसांत उचलले जातील, तेही.

आता शेवटचा प्रश्न, कोण उचलून नेणार. मिनेसोटात ५० मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या सौर प्रकल्पाचा जागेचा परवाना काउंटी देत नाही, राज्याचा आयोग, म्हणजे पब्लिक युटिलिटीज कमिशन, देतो. त्या परवान्याबरोबर प्रकल्प काढून टाकण्याचा आराखडा जोडावा लागतो आणि तो दर पाच वर्षांनी अद्ययावत करावा लागतो. त्यात तीन गोष्टी शोधा. पाइल पूर्ण उपटणार की जमिनीखाली काही फुटांवर कापणार? नांगरणीच्या आणि निचऱ्याच्या दृष्टीनं तुमच्या जमिनीत पूर्ण उपटणंच योग्य. केबल काढणार की पुरलेल्या ठेवणार? आणि खर्चाच्या अंदाजातून भंगाराची किंमत किती वजा केली आहे? पोलाद आणि तांब्याला भाव मिळतो, पण पॅनेलच्या पुनर्वापराला उलट पैसे मोजावे लागतात. भंगाराचा भाव चढा धरून खर्च शून्यावर आणलेला दिसला, तर त्या आकड्यावर बोट ठेवा. वीज कंपनी हा खर्च घसाऱ्याबरोबर ग्राहकांकडून वर्षानुवर्षं वसूल करत असते, त्यामुळे ‘पैसे नाहीत’ हे कारण तिला पुढे करता येणार नाही.

परवाना, आराखडे आणि तक्रार करण्याची पद्धत, सगळं आयोगाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या डॉकेट क्रमांकाखाली (आयोगाकडच्या फायलीचा क्रमांक) मिळतं. साइटवरच्या माणसाशी फोनवर बोला, तो बहुधा भलाच असतो. पण त्याच दिवशी तेच ईमेलनं लिहा, वर डॉकेट क्रमांक घाला आणि प्रत आयोगाकडे पाठवा. पहिलं पत्र निचऱ्याच्या नळ्यांबद्दलच असू द्या, आणि तुमच्या हद्दीकडच्या रांगांत हातोडा पोहोचण्याआधी ते जाऊ द्या.